बोट केवढी हवी?

क्रूझचं पॅकेज घ्यायला निघालेल्या मराठी माणसाचे प्रश्न ठरलेले असतात. पर हेड किती? बाल्कनी आहे का? व्हेज मिळतं का? इंडियन जेवण रोज, की एक दिवसाआड? यातला एकही प्रश्न वावगा नाही, व्हेजचा तर नाहीच नाही. पण बोट केवढी आहे, हे विचारणारं मला अजून कुणी भेटलेलं नाही. माझ्या मते आधी विचारायचं ते हेच. बाल्कनीतून काय दिसणार, कुठल्या धक्क्याला लागणार, उतरायला किती वेळ जाणार, जेवताना शेजारी कोण असणार आणि रात्री झोप लागणार की नाही, हे सगळं त्यावर अवलंबून असतं.

हे सगळं आठवायचं कारण मावशी. तिच्या लग्नाला पन्नास वर्षं होतायत आणि मुलं-सुना-नातवंडं मिळून सगळ्या गोतावळ्याने क्रूझवर जायचं घाटतंय. "तू दोन्ही पाहिल्यास ना गं, मोठ्या पण आणि छोट्या पण? मग एका वाक्यात सांग," म्हणाली. एका वाक्यात जमेना, म्हणून हे लिहायला घेतलं.

मुळात मोठी म्हणजे केवढी? मुंबईहून गोव्याला आणि लक्षद्वीपला जाणारी कॉर्डिलिया कंपनीची 'एम्प्रेस' आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिली असेल, काहींनी केलीही असेल. बॅलार्ड पियरला उभी असली की लोक मान मोडेस्तोवर वर बघतात. २११ मीटर लांब, ४८,५६३ टन. १९९० मध्ये 'नॉर्डिक एम्प्रेस' या नावाने ती प्रवाशांच्या सेवेत आली. म्हणजे टनांच्या हिशोबाने ती 'टायटॅनिक'हून थोडी मोठीच. आजच्या क्रूझच्या जगात मात्र तिची गणना लहानांत, फार तर मध्यमांत होते. २०२४ च्या जानेवारीत निघालेली 'आयकॉन ऑफ द सीज' २,४८,६६३ टनांची आहे. पाच एम्प्रेस तिच्या पोटात मावतील.

हे टन वजनाचे नसतात. ग्रॉस टनेज म्हणजे बोटीच्या आत बंदिस्त जागा किती, त्याचं माप. त्यामुळे त्या आकड्याला प्रवाशांच्या संख्येने भागलं की माणशी जागा किती येते याचा अंदाज लागतो. क्रूझची पारायणं करणारे लोक हा भागाकार हमखास करतात. एका खोलीत दोघं असं धरलं तर आयकॉनवर ५,६१० प्रवासी, म्हणजे माणशी चव्वेचाळीसच्या आसपास. पण सोफा-कम-बेड उघडून, वरचे बंक खाली ओढून ती पूर्ण भरली की ७,६०० माणसं होतात आणि तोच आकडा तेहतिसाच्याही खाली घसरतो. हे कधी होतं? शाळांना सुट्ट्या लागल्या की. आणि आपण जातो कधी? शाळांना सुट्ट्या लागल्या की! तेव्हा 'एवढी मोठी बोट, गर्दी कशी होईल?' या भ्रमात राहू नये. मोठ्या बोटीत जागा जास्त असते तशी माणसंही जास्त असतात. ऐसपैसपणा हवा असेल तर तो भागाकारात बघायचा, लांबीत नाही.

माझी मोठी बोट ग्रीसमधली. अथेन्सच्या पिरेयसहून निघून बेटं बेटं करत फिरणारी. सँटोरिनीला पोचलो तेव्हा आधीच तीन बोटी उभ्या होत्या. सँटोरिनी म्हणजे समुद्रात बुडालेल्या ज्वालामुखीच्या तोंडाची शिल्लक राहिलेली कड. आतलं पाणी इतकं खोल की मोठ्या जहाजांना नांगर टाकायची पंचाईत, आणि काठाला सरळ दोन-सव्वादोनशे मीटरचा कडा. त्या कड्याच्या माथ्यावर, फोटोत दिसतं ते पांढरं गाव. बोट धक्क्याला लागतच नाही. बाहेर उभी राहते आणि स्थानिक लोकांच्या छोट्या बोटी येऊन माणसं नेतात. याला टेंडर म्हणतात. सकाळी सगळ्यांना थिएटरमध्ये जमवलं आणि शर्टावर नंबरांचे स्टिकर चिकटवले. ज्यांनी बोटीकडूनच सहल विकत घेतली होती ते आधी गेले. त्यांना दुसऱ्या बंदरात उतरवून बसने वर नेतात. आम्ही आपले आपण हिंडणारे, म्हणून मागे. जुन्या बंदरात उतरल्यावर वर जायला तीन वाटा: साडेपाचशेहून जास्त पायऱ्या, गाढवं, नाही तर केबल कार. केबल कारच्या एका खेपेत ३६ माणसं. चार बोटींची माणसं आणि खेपेला ३६! पुढचं गणित मी मांडत नाही.

वर पोचले तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता. कॉफी घेतली, दोन गल्ल्या फिरले, एका घुमटासमोर फोटोसाठी रांग होती ती बघितली आणि खाली उतरायच्या रांगेत उभी राहिले, कारण शेवटचं टेंडर चुकलं तर बोट थांबत नाही. पुढे असं झालं की जेमतेम पंधरा हजार वस्तीच्या त्या बेटाने क्रूझच्या प्रवाशांवर दिवसाला ८,००० ची मर्यादा घातली आणि २०२५ पासून ग्रीसने क्रूझवरून उतरणाऱ्या प्रत्येक माणसामागे करही लावला. बेटावरच्या लोकांना मी दोष देणार नाही.

टेंडरमध्ये बसताना बाबांची आठवण झाली, कारण त्यांचा कोकणातला प्रवास असाच असायचा. भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या रोहिदास, रोहिणी, कोकण सेवक या बोटींची नावं ते अजून शाळेतल्या मित्रांच्या नावांसारखी घेतात. मालवण-वेंगुर्ल्याला बोट लांब उभी राहायची आणि किनाऱ्यावरून पडाव, म्हणजे होड्या, यायचे. लाट पडावाला वर घेऊन आली की त्या क्षणाला उडी. खलाशी पोरांना बखोटीला धरून झेलायचे, मागून ट्रंका, वळकट्या, आंब्याच्या पेट्या. सँटोरिनीला खलाशाने माझा दंड धरून "स्टेप, स्टेप" म्हटलं तेव्हा मी बाबांच्या पडावातच होते. फरक इतकाच की बाबा पडावातून घरी जात होते आणि मी तीन तासांनी परत फिरणार होते.

इतकं वाचून मी मोठ्या बोटीच्या नावाने बोटं मोडतेय असं वाटलं असेल. तसं नाही. मोठी बोट तीन पिढ्यांना एकत्र नेते आणि प्रत्येकाला एकमेकांपासून सुटकाही देते. हे दुसरं महत्त्वाचं आहे. नातवंडं पाण्याच्या घसरगुंडीवर, जावई जिममध्ये, सुना स्पामध्ये, सासरे डेकवर पेपर नाही म्हणून कुरकुरत, आणि रात्री आठला सगळे एका टेबलावर. जैन जेवण आधी सांगितलं तर बनवून देतात. डॉक्टर असतो, छोटा दवाखाना असतो. समुद्र बिघडला आणि एखादं बंदर रद्द झालं तरी दिवस फुकट जात नाही. नाटक आहे, पोहायचा तलाव आहे, ज्यांना हवा त्यांना कसिनो आहे (तो बोट बंदरात असताना बहुतेक ठिकाणी बंद असतो). ज्याला सुट्टीत कुठे जायचंच नाहीये, नुसतं निवांत राहायचंय, त्याने बंदरं कशाला मोजावीत? माझी एक मैत्रीण बोट धक्क्याला लागली की मुद्दाम उतरत नाही. त्या दिवशी तलाव रिकामा मिळतो म्हणते.

त्या ग्रीसच्या बोटीवर एक वेटर भेटला. मी नवऱ्याशी मराठीत बोलत होते ते त्याने ऐकलं आणि पाणी ओतता ओतता हळूच विचारलं, "तुमी खंयचे?" तो सावंतवाडीकडचा. गोव्यात बोटीवर काम करणाऱ्यांना तारवटी म्हणतात. घरटी एक तारवटी असलेली गावं तिथे आहेत, आणि आता सिंधुदुर्गातलीही पुष्कळ मुलं या धंद्यात आहेत. सहा-सहा, नऊ-नऊ महिन्यांचं कंत्राट, पाण्याच्या पातळीच्या आसपास दोघांत एक बिनखिडकीची खोली, आणि त्या काळात सुट्टीचा अख्खा दिवस नाही. त्याने आधी एका लहान, महागड्या बोटीवर काम केलं होतं. मी विचारलं, बरी कुठली? जराही विचार न करता म्हणाला, "मोठी. लहान शिपवर कॅप्टनसुद्धा नावान हाक मारता. चूक झाली तरी नावानच मारता." प्रवाशाला लहान बोटीत जे आवडतं, सगळे आपल्याला ओळखतात हे, तेच नोकरीला असलेल्याला जाचतं.

प्रवाशालाही कधी कधी जाचतं म्हणा. लहान बोटीवर एखादे गृहस्थ पहिल्याच दिवशी म्युच्युअल फंडावर सुरू झाले, की पळून जायला दुसरा डेक नसतो.

आता माझी आवडती बोट. ती धड क्रूझही नाही. नॉर्वेत बर्गनहून रोज एक बोट निघते आणि किनाऱ्याने उत्तरेला जात, ट्रॉन्हाइम, बूडो, ट्रॉम्सो करत रशियाच्या सीमेजवळच्या किर्केनेसला पोचते. जाताना-येताना मिळून ३४ बंदरं घेते. १८९३ च्या जुलैत रिचर्ड विथ नावाच्या कप्तानाने 'वेस्टेरॉलेन' ही पहिली बोट काढली. त्याआधी त्या भागात हिवाळ्यात पत्र पोचायला महिनोन्महिने लागायचे, कारण अंधारात, खडकांच्या त्या गर्दीतून बोट न्यायला कुणी धजत नसे. विथ आणि त्याचा पायलट होल्टे यांनी होकायंत्र आणि घड्याळ घेऊन वर्षानुवर्षं प्रत्येक वळणाची नोंद ठेवली होती. त्या वह्यांच्या जोरावर त्याने वर्षभर बोट चालवायची हमी दिली. आज या मार्गावर हुर्टिग्रूटेन या कंपनीच्या सात आणि हाविला या कंपनीच्या चार बोटी आहेत. साधारण पाच-सहाशे माणसांच्या.

ही नॉर्वेची एसटी आहे. नुसती माणसं नेत नाही, माल नेते. रात्री अडीचला बोट कुठल्याशा बंदराला लागल्याचा धक्का जाणवला म्हणून मी कोट चढवून डेकवर आले. बोटीच्या कुशीत एक मोठं दार उघडलं होतं. पिवळं जाकीट घातलेला एकच माणूस फोर्कलिफ्टवर बसून आत-बाहेर करत होता: प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं वॉशिंग मशीन, दुधाच्या क्रेट्स, सायकली, एका पॅलेटवर नुसते रंगाचे डबे. धक्क्यावर एक गाडी हेडलाइट लावून उभी होती. तिच्यातून एक आजीबाई केकचा डबा आडवा धरून उतरल्या, जिन्याने वर आल्या, लाउंजमध्ये खिडकीशी बसल्या आणि डबा मांडीवर ठेवून चक्क झोपल्या. पंधरा-वीस मिनिटांत दोर सुटले. सकाळी नाश्त्याला गेले तर आजी नव्हत्या. मधल्या कुठल्या तरी बंदरावर उतरून गेल्या होत्या. मोठ्या बोटीवर मला असं कुणी भेटणं शक्य नाही. तिथे सगळेच पर्यटक असतात, सगळे एकाच ठिकाणी चढतात आणि आठवड्याने एकाच ठिकाणी उतरतात.

लोफोटेन बेटांच्या पुढे ट्रोलफ्योर्ड नावाची खाडी आहे. दोनेक किलोमीटर लांब, तोंडाशी शंभरेक मीटर रुंद. उन्हाळ्यात आमची बोट त्या फटीतून आत शिरली. दोन्ही बाजूंचे कडे इतके जवळ आले की खडकावरून ओघळणाऱ्या पाण्याचा आवाज येत होता. आत गेल्यावर बोट जागच्या जागी गोल फिरली आणि आल्या वाटेने बाहेर पडली. हे काही मोठ्या बोटीचं काम नाही. तिथे मोठी बोट म्हणजे बाहेरून जाताना दुर्बिणीतून बघणं. असंच ग्रीसमधल्या कोरिंथच्या कालव्याचं. तोही १८९३ चाच. सव्वासहा किलोमीटर लांब आणि पाण्याच्या पातळीला पंचवीसेक मीटर रुंद. २०१९ मध्ये साडेबावीस मीटर रुंदीची 'ब्रेमार' ही बोट त्यातून खेचून नेली तेव्हा ती तिथून गेलेली सगळ्यात लांब बोट ठरली. मोठ्या बोटींना पेलोपोनीज द्वीपकल्पाला वळसा घालावा लागतो.

नॉर्वेच्या त्या बोटीवरचे खाण्याचे हाल मात्र मी लपवणार नाही. मासे खाणाऱ्यांची चंगळ. माझ्यासारख्या बुधवार-शुक्रवारवाल्यांचंही निभतं, पण पक्क्या शाकाहारी माणसाने तिसऱ्या दिवशी बीट-बटाट्याकडे बघून उसासा टाकलेला मी बघितलाय. मी नेलेल्या मेतकुटाची अर्धी बाटली त्यांनीच संपवली. संध्याकाळी नाटक-बिटक काही नाही. आणि बूडोहून लोफोटेनला जाताना वेस्टफ्योर्डचा उघडा पट्टा लागतो, तिथे बोट अशी डोलते की केबिनमधले हँगर रात्रभर टाळ वाजवतात.

डोलण्याबद्दल लोकांच्या मनात जरा गोंधळ असतो. मोठी बोट कमी डोलते हे बरोबर, कारण ती एका वेळी अनेक लाटांवर पसरलेली असते. पाण्याखाली दोन्ही बाजूंना बाहेर काढता येणारे पंखही तोल सांभाळतात. पण बोट कुठलीही असो, मधली आणि खालची खोली सगळ्यात कमी हलते. टोकाची आणि वरची सगळ्यात जास्त. जादा पैसे मोजून सगळ्यात वरच्या मजल्यावर, अगदी पुढची बाल्कनी घ्यायची आणि मग ओकाऱ्या काढायच्या, हा आपला राष्ट्रीय छंद आहे. गुडघे दुखणाऱ्यांना मोठी बोट बरी असंही म्हणतात. डोलण्यापुरतं खरं, चालण्यापुरतं नाही. ३६५ मीटर लांबीच्या बोटीत मागच्या टोकाला खोली आणि पुढच्या टोकाला थिएटर असेल, तर जाऊन-येऊन पाऊण किलोमीटर झालाच.

आणि मोठी म्हणजे सुरक्षित, असं सरळ समीकरण नाही. २०१९ च्या मार्चमध्ये नॉर्वेच्याच हुस्टाडविका भागात, वादळात, 'वायकिंग स्काय'ची इंजिनं बंद पडली. वंगणाच्या टाक्यांत तेल कमी होतं. बोट एम्प्रेसएवढी, वर १,३७३ माणसं. पावणेपाचशेच्या आसपास लोकांना हेलिकॉप्टरने एकेक करून उचलावं लागलं. आकारापेक्षा ऋतू आणि पाणी कुठलं, हे आधी बघावं. आपली कोकणची बोटसुद्धा पावसाळ्यात बंदच असायची.

काही ठिकाणी तर निवड आपल्या हातात उरलेलीच नाही. व्हेनिसने २०२१ च्या ऑगस्टपासून २५,००० टनांहून मोठ्या बोटींना सान मार्को चौकासमोरून जायला बंदी केली. अंटार्क्टिकात पाचशेहून जास्त प्रवासी असलेली बोट कुणालाच उतरवत नाही, आणि एका जागी एका वेळी शंभरच माणसं किनाऱ्यावर असू शकतात. म्हणजे चारशेंच्या बोटीत पाळ्या लावाव्या लागतात आणि शंभरांच्या बोटीत सगळे एकदम जातात. तिथे 'स्वस्तात मोठी बोट मिळतेय' म्हणणाऱ्याने नीट विचारून घ्यावं. पेंग्विन काचेतूनच बघावे लागतील. नॉर्वेचा गायरांगर फ्योर्ड २००५ पासून जागतिक वारसा आहे. गाव अडीचशे वस्तीचं, आणि उन्हाळ्यात समोर राक्षसी बोटी. तिथे २०२६ पासून १०,००० टनांखालच्या प्रवासी बोटींनी धूर न सोडता यायचं, मोठ्यांना २०३२ पर्यंत मुदत. गंमत बघा, आधी नियम लहानांना.

पैशांचं थोडक्यात. मोठ्या बोटीच्या जाहिरातीतला आकडा हा सुरुवातीचा असतो. रोजची माणशी पंधरा-वीस डॉलर टिप, इंटरनेट, पेयं, सहली, खास रेस्टॉरंटं हे सगळं वर. लहान बोटींवर यातलं बरंचसं भाड्यातच धरलेलं असतं, म्हणून भाडं छाती दडपवणारं दिसतं. दोन्हींचा शेवटचा आकडा काढून मगच तुलना करावी. तरीही लहान बोट बहुतेक वेळा महागच पडते, हेही सांगून टाकते.

तर मावशीला मी मोठीच सांगितली. गोतावळा मोठा, काकांचे गुडघे, दोन नातवंडं पाच वर्षांखालची, आणि धाकटी सून कांदा-लसूण खात नाही. खोली मध्यावर आणि खालच्या मजल्यावर घ्या. वर पोहण्याचा तलाव किंवा खाली थिएटर येत नाही ना ते नकाशात बघा. बंदरांच्या यादीत जिथे जिथे 'टेंडर' लिहिलंय तिथे काकांना उतरवायचं की नाही ते आधीच ठरवा. मे महिना सोडून जा म्हटलं तर म्हणाली, "मुलांच्या शाळा काय तुझा बाप बुडवणार?"

आमच्या घरात सध्या वाद चाललाय तो लक्षद्वीपचा. नवऱ्याचं म्हणणं, बॅलार्ड पियरला टॅक्सीने जायचं आणि एम्प्रेसवर चढायचं, उगाच कोचीपर्यंत कशाला जा. मला कोचीहून सुटणारी सरकारी 'एमव्ही कवरत्ती' खुणावतेय. सातशे माणसांची, बेटावरच्या लोकांनाही नेणारी. 'समुद्रम' पॅकेजमध्ये रात्री ती चालते आणि दिवसा कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉय दाखवते. तिथे आतलं पाणी उथळ आहे, त्यामुळे एम्प्रेस असो की कवरत्ती, दोघींनाही बाहेरच थांबावं लागतं आणि शेवटी सगळ्यांना छोट्या होडीत उतरावं लागतं. हा मुद्दा मी नवऱ्यापुढे माझ्या बाजूने मांडला. तो म्हणाला, हा तर माझ्या बाजूचा मुद्दा झाला. परमिट दोन्हींना लागतंच, म्हणून सध्या ती कागदपत्रं तेवढी गोळा करतेय.